आउटबोर्डचा करंट परत गेला? कॉइल विकत घ्यायच्या आधी हे बघा

"भाऊ, करंट गेला परत," असा आउटबोर्डवाल्याचा, म्हणजे होडीच्या मागे इंजिन लावणाऱ्याचा, फोन आला की मी आधी विचारतो, म्हणजे नक्की काय होतंय? करंट म्हणजे प्लगची ठिणगी. या दोन शब्दांत निदान पाच वेगवेगळी दुखणी दडलेली असतात, आणि प्रत्येकाचं मूळ वेगळ्या जागी असतं.

दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ आली, इंजिन एकदाही फुरफुरलं नाही, आणि प्लग काढला तर पेट्रोलने ओलाचिंब. हे सरळ आहे. पेट्रोल पोचतंय, पेटवणारं कुणी नाही. (प्लग कोरडा ठणठणीत असेल तर करंटचा नाद सोडा. टाकी, नळी, हातपंपाचा रबरी फुगा, कार्बोरेटर बघा. माझ्याकडे "करंट नाही" म्हणून येणाऱ्या इंजिनांपैकी बरीच पावसाळाभर तशीच पडून राहिलेल्या पेट्रोलची असतात.)

दुसरा प्रकार: सकाळी गार असताना एका झटक्यात चालू, आणि दहा-पंधरा मिनिटांनी बॅकवॉटरच्या ऐन मध्यात बंद. अर्धा तास वल्ही मारा, परत काहीच न झाल्यासारखं चालू.

तिसरा: चालू आहे, पण थरथरतंय, आवाज फाटका, होडीला ओढच नाही. दोनपैकी एकच सिलिंडर काम करतोय. चौथा: आयडलला गोड चालतं, थ्रॉटल फिरवला की फट्-फट् करून मरतं. आणि पाचवा: चालू करताना दोरी हातातून हिसकावून घेतं किंवा कार्बोरेटरमधून भडका मारतं. तिथे करंट आहे, फक्त चुकीच्या वेळी येतोय.

माझं रोजचं काम द्राक्षवाल्यांचे फवारणी पंप आणि टू-स्ट्रोक इंजिनं दुरुस्त करण्याचं. आउटबोर्डच्या नादाला लागलो ते नाशिकजवळच्या गंगापूर धरणावर मासेमारी करणाऱ्या एका दादांमुळे. त्यांनी मुंबईहून जुन्या मालात एक दोन सिलिंडरचं, फ्लायव्हीलखाली (वरच्या जड, मॅग्नेटवाल्या चाकाखाली) पॉइंट (ठिणगीसाठी प्रवाह तोडणारे ठिपके) असलेलं इंजिन आणलं. गेल्या सहा वर्षांत त्याचा करंट अकरा-बारा वेळा गेला असेल. मग दारणा, मुकणे धरणांकडूनही अशीच इंजिनं यायला लागली. इतक्या वेळात कॉइल, म्हणजे ठिणगीचं व्होल्टेज उभं करणारी तारेची गुंडाळी, खरोखर मेलेली निघाली ती दोनदा. आणि तरीही प्रत्येक जण येताना विचारतो, "कॉइल कुठे मिळेल?"

खाली लिहिलेलं मुख्यतः पॉइंट-कंडेन्सरवाल्या जुन्या टू-स्ट्रोकसाठी आहे. लुना किंवा जुनी स्कूटर उघडून पाहिली असेल त्याला ओळखीचं वाटेल, रचना तीच आहे. सीडीआयवाल्या, म्हणजे पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक युनिटने ठिणगी पाडणाऱ्या इंजिनांचं शेवटी सांगतो.

हात लावण्याआधी

गिअर न्यूट्रलला. पेट्रोलची टाकी नळी काढून लांब ठेवा. होडीच्या तळात सांडलेलं पेट्रोल असेल तर आधी पुसा आणि वारा लागू द्या. आपण मुद्दाम ठिणगी पाडणार आहोत, आणि पेट्रोलची वाफ खालच्या खोलगट भागात साचते. प्लग हातात धरून करंट बघायची सवय असेल तर मोडा. झटक्याने माणूस मरत नाही म्हणतात, पण दचकून मागे पाण्यात पडलेला मी पाहिलाय.

ठिणगी बघायची कशी

दोन्ही प्लग काढा म्हणजे इंजिन हलकं फिरतं. प्लग कॅपमध्ये बसवून त्याची लोखंडी बॉडी इंजिनच्या उघड्या धातूला तारेने घट्ट बांधा. रंगावर टेकवू नका, रंगातून अर्थ मिळत नाही. दोन्ही वायरी अशाच अर्थ केलेल्या पाहिजेत. एखादी हवेत मोकळी सोडली तर कॉइलला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि ती स्वतःच्याच इन्सुलेशनमधून वाट काढते. चांगली कॉइल तपासताना मारायची ही खात्रीची पद्धत.

सावलीत बघा. दुपारच्या उन्हात चांगली ठिणगीसुद्धा दिसत नाही. आणि दोरी जोरात ओढा. मॅग्नेटवर चालणाऱ्या इंजिनला बॅटरी नसते, वेग कमी पडला तर करंट तयारच होत नाही. हलक्या हाताने दोन-तीनदा ओढून "नाहीये" म्हणणारे खूप.

ठिणगी दिसली म्हणून सुटलात असंही नाही. उघड्या हवेत प्लगच्या अर्ध्या-पाऊण मिलिमीटर फटीत उडी मारणं सोपं असतं. सिलिंडरमध्ये दाबाखाली तेवढीच फट ओलांडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून मी लाकडाच्या पट्टीवर समोरासमोर टोकं केलेले दोन स्क्रू बसवलेत, एकाला प्लगची वायर, दुसऱ्याला अर्थ. मध्ये सहा-सात मिलिमीटर अंतर. ते अंतर निळसर पांढरी ठिणगी 'टक्' आवाज करत ओलांडत असेल तर करंटची बाजू ठीक आहे. पिवळी, बारीक, आवाज न करणारी असेल तर ती सिलिंडरमध्ये विझणार.

एकाच सिलिंडरची गेलीय की दोन्हींची, हे इथेच लिहून ठेवा. प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल असेल, तर दोन्ही एकदम खराब होणं जवळपास अशक्य. दोन्हींचा करंट एकदम गेला म्हणजे दोष दोघांत सामायिक असलेल्या जागी: स्टॉपची वायर, अर्थ, फ्लायव्हील, किंवा वर्षभर पडून दोन्ही पॉइंट एकदम काळवंडणं. एकाचाच गेला तर चांगला सिलिंडर हाच तुमचा नमुना. त्याच्याशी तुलना करत जायचं.

प्लग

सगळ्यात स्वस्त, म्हणून आधी. नवा, मॅन्युअलमधल्याच नंबरचा. दिसायला सारखा म्हणून स्कूटरचा प्लग ठोकून बसवू नका. चुडी सारखी असली तरी पोच (चुडीच्या भागाची लांबी) आणि उष्णतेचा नंबर वेगळा असू शकतो, आणि लांब पोचचा प्लग पिस्टनला धडकतो. आपल्याकडे प्लग जातात ते मुख्यतः ऑइलने. "जास्त ऑइल म्हणजे इंजिनला जास्त आयुष्य" हा समज फवारणी पंपांपासून होड्यांपर्यंत सगळीकडे आहे. दादा तर मोजमापाऐवजी "एक घोट अजून" म्हणत ओतायचे. पोर्सेलिनवर काळं चिकट ऑइल बसलं की करंट फट ओलांडण्याऐवजी त्या काजळीवरून घसरून अर्थ होतो.

स्टॉप बटण

पैसे शून्य, वेळ दोन मिनिटं, आणि तरी लोक हे विसरतात. या इंजिनांत बंद करायचं बटण करंट तोडत नाही, उलट पॉइंटची वायर अर्थ करतं. म्हणजे बटण आत अडकलं, गंजलं किंवा त्याची वायर कुठे घासून बॉडीला लागली, की इंजिनला वाटतं तुम्ही सतत बंदचं बटण दाबून धरलंय. स्टॉपची वायर जोडावरून सोडवा, टोकाला टेप गुंडाळा, परत ठिणगी बघा. आली तर दोष सापडला. सुरक्षा दोरीचा (चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवायच्या दोरीचा) स्विच असेल तर त्याची क्लिप बसलीय ना बघा. मला एकदा शहरातून धरणापर्यंत सगळी हत्यारं घेऊन जावं लागलं, आणि ती क्लिप दादांच्या नातवाच्या खिशात होती.

ही जोडणी कायम काढून ठेवून इंजिन वापरू नका. पाण्यात माणूस पडला तर ते बंद करायचं साधन तेच आहे.

एचटी (हाय टेन्शन) वायर आणि कॅप

प्लगच्या जाड वायरीचं टोक कॅपमधून बाहेर काढा. आत स्प्रिंग किंवा स्क्रू असतो, तो हिरवा पडलेला असेल तर तिथेच घोटाळा. वायर लांबीला पुरत असेल तर टोकाचे पाच-सहा मिलिमीटर कापून ताजं तांबं उघडं करा आणि कॅप परत बसवा. नवी वायर घालायचीच तर आत तांब्याची तार असलेली घ्या, कारची कार्बनच्या गाभ्याची नको. तिच्यात स्क्रू धरत नाही.

वायरीला तडे असतील तर अंधार पडल्यावर झाकण काढून इंजिन चालवून बघा. ओलसर हवेत निळे किडे वळवळल्यासारखे दिसतात. करंट प्लगपर्यंत न जाता मध्येच बॉडीवर उड्या मारतोय. पावसाळ्यातच त्रास देणारी इंजिनं बहुधा इथेच सापडतात. एकदा मात्र वायर उंदराने कुरतडलेली निघाली. शेडमध्ये शेजारी मक्याची पोती होती.

इंजिन चालवून बघायचं तर पाण्यात. कोरडं चालवलं की थंड पाणी खेचणारा रबरी पंखा जळतो. आपल्याकडे सोय आहे: बागेत औषध कालवायचा दोनशे लिटरचा निळा ड्रम. आधी नीट धुऊन घ्या.

इथपर्यंत फक्त स्क्रूड्रायव्हर आणि प्लगपाना लागला. निम्म्याहून जास्त इंजिनं इथेच सुटतात. पुढे फ्लायव्हील काढावं लागतं. काही इंजिनांच्या फ्लायव्हीलला खिडकी असते आणि पॉइंट तिथूनच साफ होतात, ती असेल तर नशीब.

फ्लायव्हील काढताना

इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं, आणि ते दोषामुळे होत नाही, घाईमुळे होतं. फ्लायव्हील क्रँकच्या निमुळत्या टोकावर दाबून बसलेलं असतं. त्याच्या मधल्या भागात तीन भोकं चुडी पाडलेली असतात. तीन बोल्टांचा पुलर तिथेच लावायचा. बाहेरच्या कडेला पकडणारा तीन पायांचा पुलर लावला की कड वाकते. क्रँकच्या टोकावर थेट हातोडा मारला की टोक फुगतं, नट परत चढत नाही, आणि बेअरिंगलाही मार बसतो. पुलर ताणून ठेवा, मधल्या बोल्टच्या डोक्यावर हलकी टिचकी मारा, थांबा. नाही सुटलं तर पुलर ताणलेलाच ठेवून चहा पिऊन या. खरंच सांगतोय, परत आल्यावर सुटलेलं असतं.

निघाल्यावर आधी किल्ली बघा. फ्लायव्हील आणि क्रँक यांच्यामधली ती छोटी अर्धगोल चकती. ती अर्धवट कातरली असेल तर पाचव्या लक्षणाचं उत्तर मिळालं: फ्लायव्हील थोडं सरकलंय, ठिणगी अवेळी पडतेय. नवी किल्ली घाला, पण ती का कातरली हेही बघा. बहुतेकदा नट ढिला राहिलेला असतो.

पॉइंट

आता जिथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो ते. पॉइंट म्हणजे दोन छोटे धातूचे ठिपके, मिटतात आणि उघडतात. मिटलेले असताना कॉइलच्या जाड तारेतून प्रवाह वाहतो, उघडताच तो तुटतो, आणि त्या तुटण्यानेच बारीक तारेत हजारो व्होल्ट उभे राहतात. ठिणगी उघडण्याच्या क्षणी पडते. म्हणून मिटताना ठिपक्यांचा संपर्क स्वच्छ नसेल तर तोडायला मुळात प्रवाहच नसतो.

गंमत अशी की खराब पॉइंट डोळ्याला चांगले दिसतात. आपलं पाणी गोडं, खाऱ्या पाण्यासारखं खात नाही, पण इंजिन चार-सहा महिने शेडमध्ये पडून राहिलं आणि वर पावसाळ्याची दमट हवा किंवा थंडीतलं दव मिळालं, की ठिपक्यांवर एक पातळ पापुद्रा येतो. राखाडी, जेमतेम दिसणारा. करंटला तो भिंतीसारखा.

मल्टीमीटरने मोजायचं असेल तर पॉइंटला येणारी कॉइलची वायर आधी सोडवा. नाही तर मीटर कॉइलच्या जाड तारेतून वाट काढून एखादा ओम दाखवतो आणि तुम्हाला वाटतं पॉइंट मिटतायत. वायर काढल्यावर मिटलेल्या पॉइंटमध्ये मीटर जवळपास शून्य दाखवायला हवा, उघडल्यावर काहीच नाही.

साफ करायला एमरी पेपर नको. त्याचे कण धातूत रुतून बसतात. पॉइंटची बारीक कानस मिळाली तर दोन-तीन हलके हात, आणि मग खरं काम: जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची पट्टी कापा, कॉन्टॅक्ट क्लीनरमध्ये भिजवा, मिटलेल्या ठिपक्यांतून ओढा. काळी रेघ उमटते. परत नवी पट्टी. पट्टी पांढरी बाहेर येईपर्यंत. शेवटी एक कोरडी पट्टी. पत्रिका चकचकीत, सोनेरी छपाईची असेल तर ती सोडा, साध्या कागदाची घ्या.

मग फट. जुन्या बऱ्याच आउटबोर्डना 0.5 मिलिमीटर, म्हणजे 0.020 इंच असते, पण तुमच्या मॅन्युअलमधला आकडा खरा. कॅमच्या (पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या उंचवट्याच्या) सर्वात उंच जागी पॉइंटचा घासणारा पाय आणा आणि मगच फिलर गेजने मोजा. आणि फिलर गेज आधी पुसा! तो ऑइलमध्ये ठेवलेला असतो. एवढ्या मेहनतीने साफ केलेल्या पॉइंटवर आपणच ऑइल लावून फ्लायव्हील बंद करतो आणि म्हणतो, साफ करूनही फरक नाही. मी स्वतः हे केलंय, एकदा नाही. फट बसवल्यावर परत एक कोरडी पट्टी ओढा.

वायरी, आणि थ्रॉटलला मरणारं इंजिन

चौथ्या लक्षणाने मला एका दिवाळीत आठवडाभर छळलं. आयडलला चालतं, थ्रॉटल दिला की एक सिलिंडर जातो. प्लग बदलले, कंडेन्सर बदलला. दादा म्हणाले, "भाऊ, कॉइलच गेली असणार, आणतो." आणली, बसवली, तेच.

या इंजिनांत कॉइल आणि पॉइंट ज्या प्लेटवर असतात ती प्लेट थ्रॉटलबरोबर फिरते, ठिणगी लवकर पडावी म्हणून. म्हणजे तिच्यातून बाहेर येणाऱ्या वायरी प्रत्येक वेळी वाकतात. शेवटी एक वायर दोन बोटांत धरून हलकेच ओढली, तर ती रबरासारखी लांबली. चांगली वायर लांबत नाही. आवरण शाबूत, आतलं तांबं तुटून दोन तुकडे. प्लेट आयडलला असताना ते एकमेकांना टेकायचे, फिरवली की सुटायचे. नऊ इंच लवचिक वायर, सोल्डरचा डाग, संपलं. तेव्हापासून मी कॉइल बघण्याआधी प्रत्येक वायर ओढून बघतो. प्लेट हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत मीटर लावला तरी कळतं. वायर फ्लायव्हीलच्या खालच्या बाजूला घासून चमकलेली नाही ना, तेही बघा.

कंडेन्सर

पॉइंट उघडताना प्रवाहाला उडी मारून पुढे जायचं असतं, कंडेन्सर ती उडी गिळतो. तो गेला की पॉइंटमध्येच ठिणगी पडते, पॉइंट निळे-काळे जळतात, आणि प्लगला उरतं थोडं. एका ठिपक्यावर खड्डा आणि दुसऱ्यावर उंचवटा दिसला तर माझा पहिला संशय कंडेन्सरवर. मीटरमध्ये कपॅसिटन्स मोजायची सोय असेल तर मोजा, पण आकडा बरोबर आला म्हणून तो चांगला असं समजू नका. मीटर जेमतेम काही व्होल्टवर मोजतो, कंडेन्सर फुटतो शेकडो व्होल्टवर. दोन सिलिंडर आहेत, मग अदलाबदल करा. दोष दुसऱ्या सिलिंडरला गेला तर कंडेन्सर दोषी. जुन्या इंजिनला मी पॉइंटबरोबर नवा कंडेन्सर टाकूनच देतो, परत फ्लायव्हील उघडायचा त्रास त्याच्या किमतीपेक्षा जास्त.

कॉइल, सगळ्यात शेवटी

जुन्या कॉइलचं आवरण तडकतं. उजेडात फिरवून बघा, केसासारख्या रेषा दिसल्या तर बदला, मीटर काहीही म्हणो. जाड तारेचा रोध साधारण एखादा ओम, बारीक तारेचा काही हजार ओम. चांगल्या बाजूच्या कॉइलशी तुलना करा. गरम झाल्यावर मरणाऱ्या इंजिनची कॉइल गार असताना बरोबर आकडे देते. मी मुलीच्या हेअर ड्रायरने कॉइल चांगली गरम करून मीटरकडे बघत बसतो. बारीक तारेचा आकडा अचानक गायब झाला की समजायचं. पाण्यावर असताना बंद पडलं तर गरम असतानाच ठिणगी बघा, किनाऱ्याला येईपर्यंत पुरावा थंड होतो.

नवी कॉइल बसवताना तिच्या लोखंडी पट्ट्यांची कड प्लेटवरच्या खुणेच्या कडेशी बरोबर जुळली पाहिजे. बाहेर आली तर फ्लायव्हीलच्या मॅग्नेटला घासते, आत गेली तर करंट कमी. फ्लायव्हील परत बसवताना क्रँकचं निमुळतं टोक आणि फ्लायव्हीलचं भोक दोन्ही कोरडं पुसा, तिथे ग्रीस नको, आणि नट टॉर्क पान्यानेच, मॅन्युअलमधल्या आकड्याला.

इथे थांबा

पुलरने दोनदा प्रयत्न करूनही फ्लायव्हील हलत नाही. फ्लायव्हीलला तडा आहे, किंवा त्यातला मॅग्नेट सुटून हलतोय. ते चालत्या इंजिनमध्ये तुमच्या कमरेच्या उंचीवर फिरत असतं, चिकटवण्याचे उद्योग करू नका. किल्लीचा खाचा क्रँकवरच फाटलाय. ठिणगी जोरदार आहे, प्लग नवा आहे, पेट्रोल ताजं आहे, तरीही चालू होत नाही: मग कॉम्प्रेशन किंवा क्रँकची सील, ते लेथ आणि प्रेस असलेल्या माणसाचं काम.

आणि सीडीआय. त्यात पॉइंट नसतात. प्लग, स्टॉप वायर, एचटी वायर आणि अर्थ हे सगळं वरच्यासारखंच तपासा. त्यापुढे साधा मीटर पुरत नाही, क्षणभराचं व्होल्टेज पकडणारा पीक व्होल्टेज मीटर लागतो. तो नसताना अंदाजाने युनिट बदलणं म्हणजे हजारो रुपयांची लॉटरी. मेकॅनिककडे नेताना एवढं मात्र लिहून न्या: एक सिलिंडर की दोन्ही, गार असताना की गरम, आयडलला की थ्रॉटलला, आणि स्टॉपची वायर काढल्यावर काय झालं. त्याचा अर्धा दिवस वाचतो.

करंट मध्येच जाणारं इंजिन दुरुस्त होईपर्यंत धरणात नेऊ नका, वल्ही असली तरी. गंगापूरमधून पाणी सोडलं की नाशिककर गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीकडे बघत बसतात, पूर किती चढला ते त्या मूर्तीवरून कळतं. दादांनी एका ऑगस्टमध्ये भिंतीच्या बाजूला इंजिन बंद पडल्यावर दीड तास वल्ही मारली, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून ऑइल मोजायचं माप विकत आणलं.